ळ नसलेला कॉम्प्युटर

पांढुर्णा
२ फेब्रुवारी २०२५

चि. गौरव,

मोठ्या आईचा आशीर्वाद. तेजस्विनी आणि लेकरू बरे असतील. इकडे थंडी ओसरली. संत्र्याचे ट्रक अजून भरून जात आहेत, त्यामुळे आपल्या रस्त्याला सडक्या फळांचा वास आहे आणि माशा आहेत. तुझी आई मागच्या रविवारी सौंसरहून येऊन गेली. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर सांगत होती आणि परतीची बस दिसली तशी माझ्या पुढे धावली.

फोन केला असता. पण फोनवर तू "हो मोठी आई, हो मोठी आई" म्हणतोस आणि पलीकडे बोटांचा टकटक आवाज चालू असतो. टायपिंगवाल्याच्या बायकोला तो आवाज कळतो रे. म्हणून लिहिते आहे. या कागदाचा फोटो काढून कुठं टाकू नकोस, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुझा व्हिडिओ पाहिला.

शेजारची अश्विनी धावत आली. "काकू, काका फोनवर आले!" मी कणीक मळत होते. हात धुतले, चष्मा लावला, पाटावर बसले. वाटलं, पोरानं नाव काढलं. यांच्या वर्षश्राद्धाला आलास तेव्हा "मोठेबाबांचं मशीन मी नीट जपतो, लोकांना दाखवतो" म्हणालास, आणि मी स्वतःच्या हातानं ते वाकळीत गुंडाळून तुझ्या गाडीत ठेवून दिलं होतं. रस्त्यात खड्डे आले तर मांडीवर घे, असंही सांगितलं होतं.

पहिल्यांदा बैलगाडी दिसली. मग कडुलिंब. मग एक म्हातारा बिडी पिणारा. मग तुझा आवाज, "एका विसरलेल्या खेड्यात…"

ती बैलगाडी कोणाची आहे गौरव? आपल्याकडे कधी नव्हती. तुझ्या मोठेबाबांना बैलाजवळ जायची भीती वाटायची. पांढुर्णा खेडं आहे? इथं रेल्वे थांबते, आता जिल्हाही झाला. त्यांची टायपिंगची शाळा होती, तहसील कचेरीतले अर्धे बाबू त्यांच्या हाताखालून गेले. तुझ्या व्हिडिओत ते असे झाले की जसे शेण वेचता वेचता त्यांना कॉम्प्युटर सापडला.

मला किळस आली. हा शब्द मी सहज वापरत नाही. ते मशीन घरी आलं तेव्हा त्यात उंदराचं घर होतं. एक जुनी संस्था बंद पडली, तिथल्या भंगारातून यांनी उचलून आणलेलं. कीबोर्ड उलटा केला तर लेंड्या आणि एक वाळलेलं पिल्लू पडलं. आतला सेल फुटून हिरवं-निळं पाणी पट्टीवर पसरलं होतं. ते सगळं मी लिंबाच्या पाण्यानं, जुन्या दातांच्या ब्रशनं धुतलं. तेव्हा किळस आली नाही. तुझ्या व्हिडिओनं आली.

तू विसरला असशील म्हणून ते मशीन काय आहे ते पुन्हा लिहिते. सुट्टीत येऊन त्याच्यासमोरच तू कॉम्प्युटरची ती सी भाषा शिकलास. हे तुला सांगायचे, "पॉइंटर म्हंजे माणूस नाही बे, माणसाच्या घराचा पत्ता. पत्ता चुकला तं दुसऱ्याच्या घरात जाऊन चहा मांगशीन." तू खोखो हसायचास. त्या मशीनमध्ये बटन दाबल्यापासून जे काही दिसे ते बाजारातलं नव्हतं, यांनी लिहिलेलं होतं. सुरू होताना हिरव्या अक्षरात यायचं, "चालू होऊन राहिलो." फ्लॉपी टाकायची विसरली तर, "फ्लॉपी कुठी ठेवली बे?" काही चुकलं तर, "इथं गडबड हाये." आमच्या घरातलं बोलणं आणि मशीनचं बोलणं एकच होतं.

अक्षरं मी काढली होती. आलेखाच्या कागदावर, एकेका चौकोनात शिसपेन्सिलीनं ठिपके भरून. माझं शिक्षण रामाकोन्याच्या शाळेत चौथीपर्यंतचं. पुढचं वाचन मी टायपिंगच्या शाळेत येणाऱ्या रद्दीवर केलं, हे तुला माहीत आहे. म्हणून अक्षराच्या बाबतीत मी हट्टी. अक्षरं मशीनच्या ज्या चिपमध्ये साठवायची, तिथं जागा थोडी होती. इंग्रजी अक्षरं काढून टाकता येत नव्हती, कारण सी इंग्रजीतच लिहावी लागते. उरलेल्या जागेत आपली बाराखडी, काना, मात्रा, जोडाक्षरं बसवायची. बसवता बसवता ळ बाहेर राहिला.

मी भांडले. म्हटलं, "ळ शिवाय मराठी कशी होईल?"

हे म्हणाले, "तू तरी बोलतं का ळ? बोलून दाखव. केयं म्हनतं, डोया म्हनतं, सकाय म्हनतं."

"लिहिताना ळ लिहिते मी."

"मशीन लिहून नाही राहिलं वो. बोलून राहिलं."

 जी एक जागा उरली होती, तिथं मी चहाचा कप काढला होता, वाफेसकट. यांनी विचारलं, "कप काढून ळ टाकू?" मी म्हटलं, राहू द्या कप. तर ळ नसण्यात माझाही हात आहे. आडनाव कळंबे, पण मशीनवर लिहिलं "कयंबे". बाजारात माझ्या सासऱ्यांना, तुझ्या आजोबांना, कोणी कळंबे म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि तू काय म्हणालास? "मध्य प्रदेशात राहिल्यामुळे त्यांना शुद्ध मराठी येत नव्हती. त्यांच्या फॉन्टमध्ये ळ हे अक्षरच नव्हतं. मी ती चूक दुरुस्त केली." मग तू ती चिप जांभळ्या उजेडाच्या डब्यात ठेवलीस आणि झाकण लावलंस. वर गाणं.

त्या चिपला काचेची खिडकी असते आणि तिच्यावर ऊन पडलं की लिहिलेलं पुसलं जातं, हे मला माहीत आहे. चुकलेल्या चिपा हे उन्हाळ्यात गच्चीवर माझ्या मुगवड्यांच्या ताटात ठेवायचे आणि मी ओरडायचे. पण ते चुकलेल्या ठेवायचे. तू बरोबर असलेली ठेवलीस. माझा कप पुसून तिथं ळ बसवलास. सगळी वाक्यं पुस्तकी केलीस. "सिस्टम सुरू होत आहे, कृपया वाट पाहा." हे काय आमच्या घरातलं बोलणं आहे? आमच्या घरात कोणी कोणाला कृपया म्हटलं नाही.

आता तुझ्या आईकडून निरोप आला की जुन्या अक्षरांची प्रत घाईत नीट उतरली नाही, म्हणून यांनी करून ठेवलेली, माझ्याजवळची दुसरी चिप पाठव, प्रदर्शनात ठेवायची आहे. म्हणजे यांची अक्षरं आता जगात एकाच ठिकाणी आहेत, माझ्या डब्यात, चंदेरी कागदात. ती मी देणार नाही. तू मशीन परत पाठव. चिप माझ्याकडे, मशीन तुझ्याकडे, असं दोन्ही मुकं राहून काय उपयोग?

व्हिडिओमधला तो मधला भाग, ज्यात हे खुर्चीवर बसलेले आहेत, तो काढून टाक. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

तेजस्विनीला सांग, लेकराला संत्र्याचा रस रात्री देऊ नको.

तुझी,
मोठी आई


पांढुर्णा
२० फेब्रुवारी २०२५

चि. गौरव,

आशीर्वाद. तुझं उत्तर फोनवर आलं, अश्विनीनं वाचून दाखवलं. मी वाचू शकले असते, पण इंग्रजी अक्षरात लिहिलेली मराठी वाचायला मला त्रास होतो. त्यात "हर्ट झालं असेल तर सॉरी" असं होतं. झालं असेल तर. 

तू लिहितोस की लाखो लोकांनी पाहिलं, लोक रडले. रडले असतील. लोक रस्त्यावरचा अपघात बघूनही रडतात आणि गाडी चालू करून निघून जातात.

तू लिहितोस की मोठ्या आईचं मन राखायला तू दोन्ही ठेवशील. एक कळ दाबली की शुद्ध, दुसरी दाबली की "गावठी मोड". अश्विनीला वाटलं मी खूश होईन. "काकू, म्हंजे आपलं बोलणं पन राहीन ना!" मी उठून मोरीत गेले आणि चूळ भरली. खरंच भरली. तोंड कडू झालं होतं.

चार दिवसांनी तुझी आई आली. तू पाठवलंस की आपली आपण आली, मी विचारलं नाही. चहा झाला, मग तिनं पदर नीट केला.

"ताई, पोराचं नाव होऊन राहिलं. एका चिपनं तुमचं काय जाते?"

"विजया, तू तो व्हिडिओ पाहिला?"

"पाहिला ना. रडली मी."

"पुरा पाहिला?"

"मधी फोन आला होता वो…"

मी अश्विनीला हाक मारली, फोन मागितला, आणि म्हटलं, पुरा बघ. गाणं बंद करून बघ.

आता मला तो मधला भाग लिहावाच लागेल, नाहीतर तुला वाटेल की म्हातारी एका अक्षरासाठी अडून बसली आहे.

लकवा झाल्यावर यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. चाळीस वर्षं पोरांना "बोट उचल, मनगट नको" सांगणारा माणूस. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी त्या हिवाळ्यात एक शेवटचा प्रोग्राम लिहिला. दुपारी लिहायचे, चुकलं की मशीन म्हणायचं "इथं गडबड हाये" आणि हे अर्ध्या तोंडानं हसायचे. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की मला बोट दाखवून शोधायला लावायचे. मला सी येत नाही, पण कुठं काही राहून गेलं ते दिसतं.

प्रोग्राम असा की एक कळ दाबली की एक अख्खं वाक्य. अक्षर अक्षर टाइप करायची ताकद नव्हती ना. एका कळीला "पाणी". एकीला "पाठ खाजव". एकीला "मीठ कमी हाये". एकीला "हा डॉक्टर गाढव हाये", आणि ते डॉक्टर आले की हटकून तीच दाबायचे. एकीला माझा चहाचा कप. आणि सगळ्यात मोठी कळ, जिथं बोट न चुकता पडतं, तिला "जवय बस".

वाक्य आलं की मशीन टीं वाजायचं, म्हणजे मी स्वयंपाकघरात असले तरी मला कळावं. तेवढ्यासाठीच तो आवाज ठेवला होता.

तुझ्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं आहे, "जावई बस? हा हा." "सासऱ्याचा कॉम्प्युटर दिसतो." तू त्यांना हसण्याचं चिन्ह पाठवलंस. मग पुढच्या भागात "जवळ बस" केलंस. गौरव, तुझ्या मोठेबाबांनी मला उभ्या आयुष्यात कधी जवळ बस म्हटलं नाही. जवय बस म्हटलं. तू त्या माणसाच्या तोंडातला शब्द काढून धुऊन परत ठेवलास.

आणि तोंडाबद्दल.

त्यांची लाळ गळायची. उजव्या बाजूनं, हनुवटीवर. माझ्या कमरेला एक पांढरं फडकं खोचलेलं असायचं. पाहुणे आले की मी दारातच म्हणायची, "जरा थांबा." आत जाऊन पुसायची, केसावरून हात फिरवायची, मग या म्हणायची. बोरगावचे साडूभाऊ आले तरी, डॉक्टर आले तरी, तुझे बाबा आले तरी. त्यांना तसं कोणी पाहिलं नाही. त्यांच्या शेवटच्या दिवाळीत तू आलास तेव्हा तुला थांबवलं नाही, घरचा म्हणून. तुझ्यासाठी चहा टाकायला गेले. तेवढ्यात तू फोन उभा केलास.

व्हिडिओत लाळ आहे. उजेड पडून चमकते. तू तिथं चित्र हळू केलं आहेस, आणि खाली बासरी.

तुझ्या आईनं तो भाग पाहिला. फोन उलटा करून मांडीवर ठेवला.  

"मी सांगते त्याले," म्हणाली.

जाताना तिनं चहाचा कप स्वतः विसळला. आपल्याकडे आल्यावर ती कधी विसळत नाही.

अश्विनी सांगते की तू तो भाग काढलास तरी दुसऱ्यांनी उतरवून घेतलेले तुकडे फिरतच राहतील. बस स्टँडवरच्या पानवाल्यानं मला परवा सांगितलं, "काकू, भाऊसाहेब व्हायरल झाले ना!" चांगला मनुष्य आहे, अभिनंदन करत होता. चिपवरचं उन्हानं जातं. तुझं हे कोणत्या उन्हात ठेवू?

मशीन पाठव. दुरुस्त करू नकोस, पुसू नकोस, नवीन काही घालू नकोस. आहे तसं पाठव.

मोठी आई


पांढुर्णा
११ मार्च २०२५

गौरव,

मशीन पोचलं. ट्रान्सपोर्टवाल्यांनी दारापर्यंत आणून दिलं. थर्माकोल चांगला लावला होतास, काही फुटलं नाही. माझी वाकळ मात्र आली नाही. असू दे.

व्हिडिओतून तो भाग काढलास असं अश्विनी म्हणाली. काढलास हे बरं केलंस.

सौंसरहून केतनला बोलावलं. तुला आठवत असेल, टीव्ही दुरुस्तीवाला, यांच्याबरोबर तासन् तास तारांना डाग देत बसायचा. मी जेवायला पिठलं-भाकर केली. डब्यातून चिप काढून दिली. त्यानं तुझी काढून बाजूला ठेवली, यांची बसवली. यांची फ्लॉपी घातली. बटन दाबलं. पडदा तापायला वेळ लागतो, आम्ही दोघं समोर उभे.

"चालू होऊन राहिलो."

केतन हसला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. "वहिनी, हा मानूस काही सुधरत नाही," म्हणाला.

मला वाटलं होतं मी रडेन. तसं झालं नाही. मी खुर्ची ओढली आणि कळा दाबून पाहिल्या. पाणी आलं. मीठ कमी आलं. कप आला, वाफेसकट. मग मोठी कळ दाबली. तेही आलं.

पण वाजलं नाही.

मी केतनला म्हटलं, याचा आवाज बिघडलेला आहे, त्या दिवाळीपासून. तेवढं जमलं तर बघ. त्यानं पुन्हा झाकण उघडलं, बॅटरी मारली, आणि आत बघतच राहिला.

"वहिनी, हे बिघडलं नाही. कोनंतरी भोंग्याची वायर काढली हाये. टोकाले टेप लावली, शार्ट होऊ नये म्हून. हुशार मानसानं काढली."

टेप निळी होती. तुझ्या व्हिडिओत माइकच्या वायरला आहे तीच.

मग मला आठवलं. चहा टाकायला उठले तेव्हा तू विचारलं होतंस, "मोठी आई, हा टीं टीं बंद होते का? रेकॉर्डिंगमधी येऊन राहिला." मी म्हटलं होतं, "नको बाबू, तो मला लागतो." आणि आत गेले.

केतनला जेवू घातलं, सौंसरच्या बसमध्ये बसवून आले. घरी येऊन अश्विनीचा फोन मागितला. तू काढून टाकलेला तुकडा तिच्याकडे होता. एवढे दिवस मी लाळ बघत होते, म्हणून त्यांचं बोट बघितलं नव्हतं. बोट त्या मोठ्या कळीवर आहे. दाबतात, दाराकडे बघतात. पुन्हा दाबतात, पुन्हा दाराकडे. पडद्यावर तेच वाक्य एकाखाली एक उतरत जातं. तू ते वाचलंस, कारण फोन जवळ नेऊन पडदा भरून दाखवला आहेस. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता, इतका जवळ. तू बसला नाहीस. मला हाकही मारली नाहीस. मी पलीकडच्या खोलीत तुझ्यासाठी आलं किसत होते.

वायर तू मुद्दाम तशी ठेवली नाहीस, हे मला माहीत आहे. जोडायची विसरलास. फराळ झाला, गाडी निघाली, विसरलास. मी दोन दिवसांनी म्हटलं, आवाज का येत नाही? हे मशीनकडे बोट दाखवून काही सांगत होते, आतल्या बाजूला, पुन्हा पुन्हा. मला वाटलं चहा मागतात. चहा दिला. त्यांनी कप सरकवून दिला आणि मशीनकडे बोट केलं. मी म्हटलं, दिवाळीची गर्दी सरू द्या, केतनला बोलावते. तोपर्यंत मी हातातलं काम टाकून ये-जा करत राहिले.

ते गेले तेव्हा दुपार होती आणि मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आवाज होता तोवर तिथून टीं ऐकू यायचं, नेहमी यायचं. आत आले तेव्हा बोट कीबोर्डवर होतं. पडद्यावर वाक्यं होती, पण ती सकाळपासूनची असायची, मी रोज संध्याकाळी पुसायची. त्यातली कोणती कधीची, ते मला कळलं नाही. त्यांनी मला बोलावलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तू कितीही शिकलास तरी हे आता कोणाला शोधून काढता येणार नाही.

वर्षभर मी मनाला सांगत आले की मशीन जुनं, आवाज आपला आपण गेला, त्यात कोणाचा हात नाही. तेवढ्यावर मी जेवत होते, झोपत होते.

केतननं वायर जोडली. आता मशीन वाजतं. मी कधी कधी कळ दाबून मागच्या अंगणात जाऊन उभी राहते. पोचेपर्यंत आवाज संपलेला असतो. म्हणून आता अश्विनीला दाबायला सांगते आणि मी तिथं उभी राहते. ऐकू येतं. अगदी नीट ऐकू येतं.

तुझी चिप या पाकिटात परत पाठवत आहे. ती तुझी आहे, तिचं काय करायचं ते तू बघ. यांची चिप मशीनमध्ये राहील, मशीन इथं राहील. प्रदर्शनवाल्यांना सांग, बाई देत नाही. का म्हणून विचारलं तर तुला जे सांगता येईल ते सांग. खरं सांगशील असं मला वाटत नाही आणि त्याची मी वाटही पाहत नाही.

तुझ्या आईला यातलं काही लिहिलं नाही. लिहिणार नाही. ती गुडघ्यांनी आधीच बेजार आहे.

पुढच्या महिन्यात लेकराचं जावळ काढायला तुम्ही सौंसरला येणार, असं ती म्हणत होती. मी येणार नाही. तिथून इकडे यावंसं वाटलं तर ये, दार बंद करणार नाही. बसायला खुर्ची मिळेल, पाणी मिळेल. आपल्या दारात आलेल्या कोणालाही ते मिळतं.

तुझ्या मोठेबाबांची बायको,
पुष्पा